उपाशीपोटी

माझंच लिहिलेलं मला वाचता येईना, असं पहिल्यांदा झालं तेव्हा मार्च महिना होता आणि दुपारचे तीन वाजले होते.

मी कोर्टात स्टेनो आहे. सत्तावीस वर्षं झाली. साहेब चेंबरमध्ये बसून आदेश सांगतात, मी शॉर्टहँडच्या वहीत रेघा ओढते आणि जागेवर येऊन त्या रेघांचं मराठी करून टाइप करते. यात कौतुकाचं काही नाही. पोळी लाटताना लाटण्याकडे बघावं लागत नाही, तसं ते काम. त्या दिवशी एका घटस्फोटित बापाचा, मुलाला भेटू द्या असा अर्ज होता. साहेबांनी अर्धा तास सांगितलं, मी लिहिलं, जागेवर आले, चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीत अडकले. रेघ माझीच होती. ठळक, बारीक, वळण, टिंब, सगळं जागच्या जागी. पण तिच्यातून शब्द काही निघेना. पान उलटलं. पुढचं पानही मुकंच.

भीती वाटली की मी आधी चिडते. हा माझा जुना रोग. पेन्सिलीवर चिडले, पंख्यावर चिडले, शेजारच्या टेबलावरच्या बाईनं "काय झालं वं?" विचारलं तर तिच्या अंगावर खेकसले. मग तोंड धुऊन आले. हळूहळू एकेक शब्द वर येऊ लागला, पण विहीर आटत आल्यावर बादली अर्धीच भरून यावी तसा. एक परिच्छेद तर आलाच नाही. तो मी सवयीनं लिहून टाकला. अशा आदेशांत नेहमी असतं ते: बापानं महिन्याच्या पहिल्या शनिवारी मुलाला भेटावं.

दुसऱ्या दिवशी सही करण्याआधी साहेबांनी तो कागद माझ्यापुढे धरला. "मॅडम, मी 'दर शनिवारी' सांगितलं होतं."

मी वही उघडली. 'दर शनिवारी' असंच लिहिलेलं होतं आणि आता ते स्वच्छ वाचता येत होतं. माझ्या हातून एका बापाचे महिन्यातले बाकीचे सगळे शनिवार जाणार होते. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?" हाच प्रश्न, अगदी याच सुरात, नऊ-दहा वर्षांपूर्वी मी माझ्या आईला विचारला होता.

आई रामटेकची. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून झाली. अक्षर असं की फळा पुसताना पोरं दोनदा विचार करत. बाबा गेल्यावर ती एकटी राहायला लागली आणि तिचे शब्द गळायला लागले. पोळपाटाला "ते गोल, लाटायचं" म्हणायची. चहात मीठ पडलं. मग एकदा गॅस तसाच सुरू राहिला आणि मी तिला नागपूरला माझ्याकडे घेऊन आले. पुढची पाच वर्षं ती आमच्याकडे होती. एकदा दुपारी दार उघडं राहिलं तर दोन गल्ल्या सोडून एका लग्नाच्या मांडवात सापडली, पंगतीत बसून शांतपणे वरण-भात जेवत होती. त्या लोकांनीही भल्या मनानं वाढलं होतं. तेव्हा आम्ही हसलो. शेवटच्या वर्षी मात्र ती माझ्या तोंडाकडे बघून विचारायची, "बाई, तुम्ही कोनाच्या?" चार वर्षांपूर्वी ती गेली.

तिचं मी सगळं केलं, आणि कोर्टाच्या शिस्तीनं केलं. पावणेनऊला तिची आंघोळ आटोपलेली असायची. वाटीत पाच गोळ्या: बीपीची, साखरेची, लोहाची, कॅल्शियमची, थायरॉइडची. सोबत कोमट दुधाचा पेला. "आ कर, आई." एका दमात पाचही गोळ्या पोटात आणि नवाला मी स्कूटीवर. मागे सांभाळायला दिवसाची बाई होती. पाच वर्षांत एक गोळी चुकली नाही, असं मी मावशीला, आत्याला फोनवर ठासून सांगायची.

पण माझ्या जिभेला हाड नव्हतं. मे महिन्यात, नागपूरच्या मे महिन्यात, कूलर धडधडत असताना आई कुडकुडायची. "मले थंडी वाजून राहिली वं. वाकळ दे." मी म्हणायची, "बाहेर आग बरसून राहिली अन् तुले वाकळ पाह्यजे! नाटकं नको करू." तिचा आवाज जाड झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. एक वाक्य बोलायला तिला वेळ लागायचा आणि तेवढं थांबायला मला वेळ नसायचा. एकदा सकाळी तर तिनं एक गोळी मुठीत घट्ट धरून ठेवली आणि दुसऱ्या हातानं दुधाचा पेला लोटला. दूध माझ्या इस्त्रीच्या साडीवर. ती काहीतरी पुटपुटत होती, ते ऐकायला थांबलं कोण? मी तिच्या मुठीवर चापट मारली. मूठ उघडली, ती गोळी बाकीच्या चारांसोबत तिच्या तोंडात कोंबली, उरलेलं दूध पाजलं, साडी बदलली आणि गेले. संध्याकाळपर्यंत ती सगळं विसरली होती. मीही तो विषय मनात मागे टाकला.

तर आता माझी पाळी आली, असं मी त्या मार्चमध्ये धरून चालले. खाण तशी माती. वय बावन्न. आईपेक्षा पंधरा वर्षं आधीच.

मी कुणाला सांगितलं नाही. एक छोटी वही केली आणि तिच्यात रोजच्या चुका लिहायला लागले, शॉर्टहँडमध्ये नाही, साध्या अक्षरात, कारण शॉर्टहँडचा भरवसा उरला नव्हता. 'भाजीत मीठ दोनदा.' 'गॅस चालू, वीस मिनिटं.' 'शेजारणीच्या मुलीचं नाव आठवलं नाही.' 'कोर्टात तारीख चुकीची, साहेबांनी दुरुस्त केली.' रोज सकाळी बाथरूममध्ये सतराचा पाढा म्हणायची. सतरा सत्ते एकशे एकोणीस इथपर्यंत यायची आणि पुढे धुकं. लहानपणी हा पाढा मी आईच्या छडीपुढे घडाघडा म्हटला होता. पाढा अडला की तो मनात पुन्हा पुन्हा घोळवतच मी दिवसभर वावरायची.

अंगही साथ देत नव्हतं. सकाळी उठले तरी छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. कशाचीच इच्छा नाही. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, त्यात आई लेकीचे केस विंचरते, तर मी ढसाढसा रडले आणि नवरा शेजारी बसलेला पाहून त्याच्यावरच भडकले. कंगव्यात केसांचे पुंजके येत. एप्रिलमध्ये, बेचाळीस डिग्रीत, मी कूलर बंद करायला लावला. नवरा वीज खात्यातून रिटायर झालेला, उन्हाळ्यात कूलरसमोरून हलत नाही. तो घामानं निथळत म्हणाला, "अवं, जीव घेतं का माह्या?" मी त्याला म्हटलं, "तुम्हाले तर सगळ्यातच त्रास होते." आईच्या वाकळेची आठवण मला तेव्हाही आली नाही. माझं सगळं ध्यान डोक्याकडे होतं, अंगाकडे बघतं कोण?

नवऱ्याबद्दल एक सांगायला हवं. तो खर्रा खातो. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला तो काळपट चुरा. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तेवढीच वर्षं मी त्या पुडीवर दात-ओठ खाते आहे. पण त्याच्या चुन्याच्या डबीशी माझी अलीकडे दोस्ती झाली होती. मागच्या वर्षी माझे गुडघे कुरकुरायला लागले, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीतरी पाठवलं की रोज सकाळी उपाशीपोटी गव्हाच्या दाण्याएवढा चुना पाण्यातून घ्या, हाडं लोखंडासारखी होतील. इतका स्वस्त इलाज, तोही घरात पडलेला. मला तीन वर्षांपासून थायरॉइडची गोळी होतीच, तीही उपाशीपोटीच घ्यायची. मग काय, एकच पेला भरायचा, त्यात चुना ढवळायचा आणि त्याच पाण्यानं गोळी गिळायची. गुडघ्यांना बरं वाटतंय असं मला वाटलं, म्हणून गव्हाचा दाणा वाढत वाढत हरभऱ्याएवढा झाला. नवरा म्हणायचा, "माह्या चुना बंद कर म्हणते, अन् स्वतः पेला भरून पेऊन राहिली." मी म्हणायची, "माझा औषधाचा आहे."

एप्रिलच्या शेवटी एका शनिवारी मी जरीपटक्याच्या बाजारात गेले. पडद्याचं कापड घ्यायचं होतं. तिथल्या दुकानांत मी वीस वर्षं जाते आहे. कापड घेतलं, पायरी उतरले, हातात स्कूटीची किल्ली होती आणि स्कूटी कुठे लावली ते आठवेना. एवढं कुणाचंही होतं. मी रांगेतल्या गाड्या बघत चालू लागले. चालता चालता कोपऱ्यावर आले, तिथून वळले, आणि एकदम मला कळेना की घरी जायचा रस्ता कुठला. गर्दी तीच, पाट्या तशाच. मी त्या वाचू शकत होते. पण कुठल्या पाटीनंतर काय येतं ते डोक्यातून गेलं होतं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते काही खरं नाही. जमीन तिथंच असते, आपणच नसतो.

रसवंतीवाल्यानं खुर्ची पुढे केली. "बैठो दीदी, चक्कर आ रहा क्या?" मी बसले. फोन पर्समध्ये होता. नवऱ्याला लावायचा, "या" म्हणायचं, तो आला असता. पण लावला असता तर ते खरं झालं असतं. मला आई दिसत होती, परक्या मांडवात पंगतीत बसलेली. तिलाही आधी असंच वाटलं असेल का, की पाट्या वाचता येतात पण रस्ता नाही? मी तिला कधी विचारलं नव्हतं. उसाचा रस समोर आला, तो मी एका दमात संपवला. मग डोक्यात दुसरीच गोष्ट शिरली. मी घरी आईसारखी बसले की मला दूध कोण पाजणार? तो, खर्रा घोटत? आणि दिवसाची बाई? "नाटकं नका करू" हे वाक्य मला कोण म्हणणार? ते वाक्य कसं म्हणतात हे मला पाठ होतं. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली, मरणाचीही नव्हती तेवढी.

अर्ध्या तासानं रस्ता आपोआप आठवला. स्कूटी त्याच दुकानासमोर होती, जिथून मी बाहेर पडले होते. त्या दिवशी वहीत मी फक्त 'जरीपटका' एवढंच लिहिलं.

ती वही नवऱ्याला सापडली. शोधली नव्हती, वीजबिल शोधत होता. मी कोर्टातून आले तर तो पलंगावर बसलेला, वही मांडीवर, कूलर बंद. तोंडात खर्रा नव्हता, म्हणूनच मी घाबरले.

"हे काय लिहून राहिली तू?" तो म्हणाला. "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय करणार होते तुम्ही?"

"काही नसतो केलो. पण मी होतो ना घरी."

मी चिडायला तोंड उघडलं आणि रडू आलं. म्हटलं, मला आईचं झालं आहे. त्यानं वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "उद्या डॉक्टर. सुट्टी टाक."

डॉक्टर आमच्याच वस्तीतल्या, तरुण, माझ्या भाचीच्या वयाच्या. मी खुर्चीत बसायच्या आधीच म्हटलं, "मेंदूचा फोटो लिहून द्या. मला सगळं माहीत आहे." त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा आवाज ऐकला, भुवयांची टोकं बघितली, तिथले केस झडले होते. पापण्या दाबून पाहिल्या. मग पलंगावर गुडघे टेकवून उभं राहायला लावलं आणि टाचेच्या वर एक छोटी हातोडी मारली. पाऊल उडालं, पण परत यायला त्याला वेळ लागला, एखाद्या आळशी माणसाला लागावा तसा. त्यांनी तीनदा मारलं.

"काकू, थंडी वाजते?"

"हो."

"बद्धकोष्ठ? झोप खूप? रडू येतं?"

मी मान डोलवत होते आणि मनात म्हणत होते, मुद्द्यावर या, बाई. त्या म्हणाल्या, "आधी रक्त. फोटो नंतर."

दोन दिवस रिपोर्ट यायचा होता. ते दोन दिवस कसे गेले ते विचारू नये. मी नवऱ्याला कपाटाच्या चाव्या कुठे असतात ते दाखवलं, कुठली साडी कुणाला द्यायची तेही सांगितलं. तो "हो, हो" करत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाल्या, "थायरॉइड पार झोपलंय. ते झोपलं की रक्तातलं टीएसएच चढतं. चार-पाचच्या आत हवं, तुमचं साठच्या वर आहे." त्यांनी समजावलं: गळ्यातली ती ग्रंथी अंगाची आणि मेंदूची गती ठरवते. तिचं रसायन कमी पडलं की सगळंच मंद होतं. शब्द मिळत नाहीत, लक्ष लागत नाही, मन काळवंडतं, कधी कारण नसताना धास्ती भरते. "पण तुम्ही तर गोळी घेता ना?"

"रोज. एक दिवस चुकवलेला नाही."

"कशासोबत?"

"पाण्यासोबत."

"चुन्याच्या पाण्यासोबत," नवरा म्हणाला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी गव्हाचा दाणा सांगितला, नवऱ्यानं हरभरा सांगितला. त्या कपाळाला हात लावून बसल्या. चुना म्हणजे कॅल्शियम. तो पोटात गोळीला धरून ठेवतो, ती रक्तापर्यंत पोचतच नाही. वर्षभर मी गोळी खाल्ली ती बहुतेक वायाच गेली होती. "चुना बंद," त्या म्हणाल्या. "डोस थोडा वाढवते. दोन महिन्यांत फरक पडेल. विसरणं यानंच असेल अशी मला बरीच खात्री आहे, पण बघू." मग त्या भराभर पथ्य सांगू लागल्या आणि मी पर्समधून ती वही काढून सवयीनं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं. सत्तावीस वर्षांची सवय आहे; कानातलं थेट हातात जातं, डोक्याला शिवतही नाही.

बाहेर आल्यावर नवरा फुटपाथवरच हसत सुटला. "लोकं दुसऱ्याले चुना लावतात. तू तं स्वतःलेच लावला वं!" मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता त्याचा दंड धरून उभी राहिले. भीती अजून गेली नव्हती. गोळीनं फरक पडला नाही तर मग आईचंच, असा हिशेब मी मनात करूनच ठेवला होता.

फरक पडला. आधी थंडी गेली; मी स्वतः उठून कूलर लावला आणि नवऱ्यानं देवाला हात जोडले. मग केस गळायचे थांबले. मग एका सकाळी सतराचा पाढा दहापर्यंत गेला आणि मी बाथरूममध्ये टाळी वाजवली. कोर्टात रेघा पुन्हा बोलायला लागल्या. सातव्या की आठव्या आठवड्यात, आपली परीक्षा घ्यावी म्हणून मी ती छोटी वही काढली आणि डॉक्टरांकडे घाईत लिहिलेलं पान वाचायला घेतलं. घडाघडा वाचता आलं. किती आनंद झाला! मोठ्यानं वाचत गेले: गोळी पहाटे, एकटी, साध्या पाण्यासोबत. चहा-दूध-नाश्ता तासाभरानंतर. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांनंतर. एकत्र घेतल्यास गुण येत नाही.

आणि तिथं मी थांबले. समोर वाटी आली. स्टीलची, काठाला पोचा आलेली. तिच्यात पाच गोळ्या. कोमट दुधाचा पेला.

पाच वर्षं. एकही दिवस न चुकता.

पुढचे चार दिवस ती वाटी डोळ्यांपुढून हलली नाही. डोकं साफ होतं, हाच त्रास होता. धुक्यात होते तेव्हा फक्त पुढचं दिसत नव्हतं. आता मागचं सगळं दिसत होतं, तेही कडेनं कोरल्यासारखं. थंडी वाजून राहिली वं. जाड आवाज. सुजलेला चेहरा. वाक्याच्या मध्ये थांबणं. जे माझं दोन महिन्यांत गेलं, ते तिचं माझ्या घरात पाच वर्षं वाढलं. आणि तिच्या थायरॉइडचं रक्त आम्ही एकदाही तपासलं नाही, कारण गोळी तर चालू होती.

पुढच्या वेळी डॉक्टरांना मी विचारलं. आधी म्हटलं, ओळखीतल्या एका म्हाताऱ्या बाईबद्दल विचारते. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि हळूच म्हणाल्या, "काकू, आईबद्दल विचारताय ना?" मग म्हणाल्या, त्या वयात विसरण्याची कारणं बरीच असतात, त्यांचा आजार वेगळाही असू शकतो. "मग यानं भर पडली असेल का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पडली असू शकते. किती, ते आता कोणीच सांगू शकणार नाही." मी वकिलांचे शेकडो उलटतपास उतरवलेत. पण 'सांगू शकणार नाही' या उत्तराला इतकी कधी घाबरले नव्हते.

आईची फाईल माळ्यावर होती. रामटेकहून तिच्या कापडी पिशवीतून आलेली. आठ दिवस मी तिला हात लावला नाही. लावला तेव्हा त्यात थायरॉइडचा एखादा जुना रिपोर्ट तरी चांगला निघावा एवढंच म्हणत होते. रिपोर्ट निघाला नाही. फाईलच्या मागच्या कप्प्यात थायरॉइडच्या गोळीच्या बाटलीचं रिकामं खोकं निघालं, चपटं करून ठेवलेलं, आणि त्यावर वहीचा चौकोनी कागद चिकटवलेला. आईचं अक्षर. फळ्यावरचं तेच, शिरोरेघ सरळ, एकही काना वाकडा नाही. तिचे शब्द गळायला लागले तेव्हा तिनं स्वतःसाठी लिहून ठेवलं असणार. वर 'उपाशीपोटी', त्याखाली दोन रेघा. मग, 'ही आधी. एकटी. दूध एक तासानं. बाकीच्या जेवल्यावर.'

साऱ्या कोर्टाची वेडीवाकडी अक्षरं मी वाचते. आई घरात असताना पाच वर्षं हे सुवाच्य अक्षर माझ्याच माळ्यावर होतं.

आता मी रोज साडेपाचला उठते. गोळी, साधं पाणी, आणि मग एक तास काही नाही. चहासुद्धा नाही. तेवढा एक तास मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून असते. नवरा कधी उठून येतो, विचारतो, "काय करून राहिली?" मी म्हणते, "काही नाही, बसली आहे." पाढा येतो, नावं येतात, रस्ते येतात. मला काहीही विसरायला होत नाही, आणि रोज त्या तासात मला त्याच एका सकाळची धास्ती वाटते, की ती आता येईल. ती येतेच. दूध सांडलेलं आहे, पावणेनऊ वाजलेत, आई पुटपुटते आहे, आणि तेव्हा न ऐकलेलं ते आता मला शब्दन् शब्द ऐकू येतं: "ही आधी वं. दूध मंग." बाकीच्या चार गोळ्या वाटीत तशाच होत्या. मुठीत ती एकच होती.